‘एस्चीट’ : एका विरळ इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि इतिहास

(१)

इंग्रजीतील ‘एस्चीट’ हे क्रियापद सामान्य वाचकाच्या दृष्टीस क्वचितच पडते. कायद्याचे ग्रंथ, महसुली कागद आणि मध्ययुगीन इतिहासावरील प्रबंध एवढ्यापुरताच त्याचा संचार आहे. मालमत्तेचा धारक वारसाविना मरण पावला असता ती मालमत्ता वरिष्ठ सत्तेकडे, म्हणजे पूर्वी सरंजामी धन्याकडे आणि आता राज्यसंस्थेकडे जाणे, हा त्याचा कोशगत अर्थ होय. नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांत हा शब्द वापरला जातो. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य क्रियापदाच्या प्रयोगात आहे.

या क्रियापदाचा मूळ आणि प्रतिष्ठित प्रयोग अकर्मक आहे. वाक्याचा कर्ता असते जमीन. जमीन धन्याकडे ‘एस्चीट’ होते. धनी ती घेत नाही, ती त्याच्याकडे येते. मराठीत ‘वाट्याला येणे’, ‘पदरात पडणे’ हे प्रयोग याच जातीचे आहेत. वाट्याला आलेली वस्तू कोणी मागितलेली नसते, हिसकावलेली तर नसतेच. ती परिस्थितीच्या ओघात आलेली असते, असे या प्रयोगांतून सूचित होते. ‘एस्चीट’ या क्रियापदातही नेमकी हीच सूचना आहे. मालमत्तेचे स्थलांतर होते; पण ते घडवून आणणारा कोणी वाक्यात दिसत नाही.

‘मालमत्ता एस्चीट करणे’ असा सकर्मक प्रयोगही इंग्रजीत जुना आहे आणि तेथे त्याचा अर्थ जवळजवळ ‘जप्त करणे’ असा होतो. एकाच शब्दाच्या या दोन प्रयोगांत जे अंतर आहे, त्या अंतरातच या क्रियापदाचा इतिहास सामावलेला आहे. मालमत्ता ‘पडली’ की ‘पाडली’, हा प्रश्न तेराव्या शतकातील इंग्लंडमध्ये विचारला गेला, एकोणिसाव्या शतकातील साताऱ्यात विचारला गेला आणि विसाव्या शतकातील कॅलिफोर्नियातही विचारला गेला. शब्दार्थाचा अभ्यास आणि सत्तेचा इतिहास हे दोन विषय किती निकट आहेत, हे दाखविण्यास हे एक क्रियापद पुरेसे आहे.

(२)

शब्दाची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. ‘कादेरे’ म्हणजे पडणे, हा लॅटिन धातू. त्याला ‘एक्स’ हा बहिर्गमनवाचक उपसर्ग लागून लोकभाषेतील लॅटिनमध्ये ‘एक्सकादेरे’ असे रूप सिद्ध झाले. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एश्वार’ हे क्रियापद आणि ‘एशेत’ हे नाम आले. ‘एशेत’ म्हणजे ‘जे पडले ते’, ‘जे वाट्याला आले ते’. १०६६ नंतर इंग्लंडमध्ये नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच ही दरबाराची व न्यायाची भाषा झाली आणि तिच्याबरोबर हा शब्द इंग्रजीत शिरला. आधुनिक फ्रेंचमध्ये ‘एशेआंस’ म्हणजे देण्याची मुदत भरण्याचा दिवस. तो याच कुळातला. इंग्रजीत ‘चान्स’, ‘केस’, ‘अॅक्सिडेंट’, ‘डिके’ हे शब्दही याच ‘कादेरे’ची संतती आहेत. नशीब, प्रसंग, अपघात, ऱ्हास या सर्व कल्पना ‘पडणे’ या एका क्रियेतून निघाव्यात, यात नवल नाही. माणसाच्या इच्छेवाचून जे घडते, ते त्याला वरून पडल्यासारखेच वाटते. तुलनात्मक व्याकरणकार या लॅटिन धातूचा संबंध संस्कृत ‘शद्’ या धातूशी जोडतात. पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थ ‘शातन’ असा दिला आहे, आणि पडणे, गळणे हाच त्याचा आशय.

अर्थात व्युत्पत्तीने शब्दाचा जन्म कळतो, चरित्र कळत नाही. ‘पडणे’ या निरुपद्रवी अर्थाच्या शब्दाला कायद्याचे सामर्थ्य कसे प्राप्त झाले, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील जमीनधारणेची व्यवस्था पाहिली पाहिजे.

(३)

नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या कायद्याने एक तत्त्व गृहीत धरले : सर्व जमीन अंततः राजाची. राजाकडून मोठ्या सरदारांनी, सरदारांकडून लहान सरदारांनी आणि त्यांच्याकडून इतरांनी ती सेवेच्या अटीवर ‘धारण’ केलेली असे. मालक असा कोणी नव्हताच. सर्व धारक होते. जमीन हे दान होते आणि दान घेणाऱ्याचे कुळ संपले की ते दात्याकडे परत जाणे हे क्रमप्राप्त मानले जाई. परत जाण्याच्या या क्रियेला ‘एस्चीट’ हे नाव मिळाले.

धारकाचे कुळ संपण्याचे दोन प्रकार कायद्याने मानले होते. पहिला स्वाभाविक : धारक निर्वंश मरण पावणे. दुसरा कृत्रिम : धारकाने गंभीर गुन्हा करणे. गुन्हेगाराचे रक्त दूषित होते आणि दूषित रक्तातून वारसा वाहू शकत नाही, अशी कल्पना होती. म्हणून गुन्हेगाराची मुले हयात असूनही कायद्याच्या दृष्टीने तो निर्वंश ठरे आणि त्याची जमीन धन्याकडे पडे. राजद्रोहाची गोष्ट निराळी. तेथे धनी कोणीही असो, जमीन राजाकडेच जाई, आणि १३५१ च्या राजद्रोहविषयक कायद्याने ही गोष्ट स्पष्ट केली. या दुसऱ्या प्रकारात ‘पडणे’ या शब्दाचा अर्थ किती ताणला गेला होता, हे उघड आहे. जिवंत मुलांच्या हातची जमीन जात असताना ती आपोआप पडते, असे म्हणण्यास कायद्याची विशेष भाषा लागते.

गुन्हेगाराच्या जमिनीवर राजा आणि निकटचा धनी या दोघांचाही डोळा असे. १२१५ च्या मॅग्ना कार्टातील बत्तिसाव्या कलमाने हा वाद बांधून टाकला : अशी जमीन राजाने एक वर्ष आणि एक दिवस ठेवावी आणि नंतर ती धन्याला द्यावी. १२९० चा ‘क्विआ एम्प्तोरेस’ हा कायदाही याच हक्कातून जन्मला. धारक आपल्या जमिनीवर स्वतःचे नवे धारक बसवीत आणि त्यांच्याकडून नाममात्र सेवा घेत. असा मधला धारक निर्वंश झाला की वरच्या धन्याच्या पदरात जमीन न पडता केवळ ती नाममात्र सेवा पडे. त्यामुळे मोठ्या धन्यांचे एस्चीटचे उत्पन्न बुडू लागले, आणि ही तक्रार त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. यापुढे जमीन विकावयाची झाल्यास घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या जागी यावे, साखळीत नवा दुवा जोडू नये, असे कायद्याने ठरविले. इंग्लंडमधील जमीनधारणेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण अशा रीतीने या एका शब्दाच्या संरक्षणासाठी घेतले गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

(४)

जमीन आपोआप पडते हे तत्त्व कितीही सुबक असले, तरी ती कोठे पडली हे पाहण्यास माणूस लागतो. राजाच्या वतीने हे काम करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘एस्चीटर’ म्हणत. तेराव्या शतकात ट्रेंट नदीच्या उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक असे दोन मुख्य एस्चीटर असत; पुढे हे अधिकार परगण्यांनुसार वाटले गेले. राजाचा धारक मरण पावला की एस्चीटरने स्थानिक पंच बसवून चौकशी करावयाची : मृताकडे कोणती जमीन होती, ती कोणाकडून व कोणत्या सेवेवर धारण केली होती, निकटचा वारस कोण आणि त्याचे वय काय. या चौकशांचे कागद आज मध्ययुगीन इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचे अमोल साधन ठरले आहेत.

परंतु त्या काळच्या लोकांना एस्चीटर हा इतिहासाचा सेवक वाटत नव्हता. वारस असताना तो नाही असे दाखविणे, दुसऱ्याच्या धारणेची जमीन राजाची म्हणून नोंदविणे आणि निर्णयापूर्वीच ताबा घेणे हे प्रकार सर्रास होत असले पाहिजेत. कारण १२७५ च्या वेस्टमिन्स्टर येथील पहिल्या कायद्यात, एस्चीटरने किंवा शेरीफने विशेष आज्ञेवाचून, केवळ अधिकाराच्या मिषाने कोणाचीही जमीन काढून घेऊ नये, असे बजावावे लागले. सातव्या हेन्रीच्या कारकीर्दीत एम्प्सन आणि डडली या मंत्र्यांनी राजाचे सरंजामी हक्क निष्ठुरपणे वसूल केले. १५१० साली त्या दोघांचा शिरच्छेद झाला आणि आठव्या हेन्रीच्या पहिल्या पार्लमेंटला एस्चीटरांच्या खोट्या अहवालांविरुद्ध कायदा करावा लागला.

भाषेवर या अनुभवाचा ठसा उमटला आहे. इंग्रजीतील ‘चीट’, म्हणजे फसविणे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले क्रियापद ‘एस्चीट’चेच संक्षिप्त रूप होय. शब्दारंभीचे आघातहीन अक्षर गळून पडणे ही घटना इंग्रजीत नित्याची आहे : ‘इस्टेट’पासून ‘स्टेट’, ‘एस्क्वायर’पासून ‘स्क्वायर’, ‘डिफेन्स’पासून ‘फेन्स’. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८० च्या सुमारास या प्रक्रियेला स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले. मराठीच्या अभ्यासकाला ती अपरिचित नाही. ‘अरण्य’चे ‘रान’ आणि ‘अरघट्ट’चे ‘रहाट’ याच मार्गाने झाले आहे.

ध्वनीचा बदल सरळ आहे. अर्थाचा बदल अधिक उद्बोधक आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात, न्यायव्यवस्थेतील भ्रष्टाचारामुळे आपली पुष्कळशी ‘चीट’ बुडतात, अशी तक्रार स्वतः राजा करतो. तेथे शब्दाला कसलाही हीन वास नाही. ते राजाचे न्याय्य उत्पन्न आहे. सुमारे १४४० मधील ‘प्रॉम्प्टोरियम पार्व्हुलोरम’ या इंग्रजी-लॅटिन कोशात या क्रियापदाचा अर्थ ‘सरकारजमा करणे’ असा येतो. म्हणजे सकर्मक प्रयोग आता रुळला आहे आणि घेणारा वाक्यात आला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘चीट’चा अर्थ लबाडीने लुबाडणे असा झालेला दिसतो. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकात, ज्याची पहिली छापील प्रत १६०२ ची आहे, फॉल्स्टाफ दोन श्रीमंत गृहिणींना नादी लावून त्यांचे धन उपटण्याचा बेत सांगताना ‘चीटर’ आणि राजाचा खजिना यांवर कोटी करतो. प्रेक्षकांना ‘चीटर’ या शब्दात सरकारी अधिकारी आणि भामटा हे दोघेही एकाच वेळी ऐकू येत असल्यावाचून ती कोटी साधली नसती.

या अर्थांतरात चोरांच्या सांकेतिक भाषेचा हात किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. थॉमस हार्मनने भटक्या भामट्यांवर लिहिलेल्या पुस्तकात (१५६७) त्यांच्या बोलीतील काही शब्द दिले आहेत. त्यांत ‘चीट’ हा केवळ ‘वस्तू’ या अर्थाने समासांत येतो. तो शब्द आपल्या शब्दाशी एकरूप आहे की योगायोगाने सारखा आहे, हे निश्चित करणे अवघड आहे. तथापि मुख्य दिशेबद्दल शंका नाही. पंडितांच्या कायदेभाषेत ‘एस्चीट’ हे कर्तृहीन क्रियापद म्हणून टिकले. बाजाराने त्याच शब्दाला कर्ता जोडून दिला आणि त्या कर्त्याला नावही ठेवले. एकाच घटनेविषयी घेणाऱ्याची आणि गमावणाऱ्याची अशा दोन दृष्टी दोन शब्दरूपांत विभागल्या गेल्या.

(५)

निर्वंशाच्या धनाचा प्रश्न अर्थातच केवळ इंग्लंडचा नव्हता. संस्कृतात यासाठी ‘राजगामी’ हे विशेषण आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकातील प्रसंग सर्वपरिचित आहे. धनमित्र नावाचा सागरी व्यापारी नौका बुडून मरण पावतो. त्याला संतती नाही. त्याचा अर्थसंचय राजगामी होतो, असे अमात्य दुष्यंताला कळवितो. कायद्याप्रमाणे अमात्याचे म्हणणे बिनचूक आहे. तरीही दुष्यंत विचारतो की, एवढ्या धनवान पुरुषाच्या पत्न्या अनेक असतील, त्यांपैकी कोणी गर्भवती आहे काय? साकेतच्या श्रेष्ठीच्या कन्येचे पुंसवन नुकतेच झाल्याचे कळताच तो गर्भालाच वारस ठरवितो. कालिदासाने प्रसंग रंगविला आहे तो दुष्यंताच्या स्वतःच्या अनपत्यतेचे दुःख जागे करण्यासाठी. पण त्यात एक विधिविषयक विवेकही आहे. राजगामी म्हणण्यापूर्वी वारस शोधणे हे राजाचे काम आहे. इंग्लंडचा एस्चीटर तत्त्वतः हेच करण्यासाठी नेमलेला होता.

धर्मशास्त्राने राजाच्या या हक्कास मर्यादा घातली होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाप्रमाणे सर्व वारसांच्या अभावी इतर वर्णांचे धन राजाने घ्यावे, ब्राह्मणाचे मात्र कधीच घेऊ नये. याज्ञवल्क्याने पत्नी, कन्या, मातापितरे, बंधू यांपासून शिष्य व सहाध्यायी यांपर्यंत वारसांची माळ सांगितली आहे. माळ जितकी लांब, तितका राजाचा हात दूर. व्यवहार मात्र शास्त्राहून कठोर असला पाहिजे. बाराव्या शतकात गुजरातचा चालुक्य राजा कुमारपाल याने अपुत्र मृतांचे धन घेण्याची प्रथा बंद केली, हे जैन ग्रंथकार त्याचे मोठे पुण्यकर्म म्हणून वर्णितात. प्रथा चालू असल्यावाचून ती बंद केल्याचे पुण्य मिळत नाही. पुढे १६०५ साली जहांगीराने राज्यारोहणप्रसंगी काढलेल्या आज्ञांत, मृताची मालमत्ता वारसांना विनाअडथळा मिळावी आणि वारस नसल्यास तिचा विनियोग मशिदी, सराया, पूल, तलाव अशा लोकोपयोगी कामांत व्हावा, असे कलम आहे.

येथे भाषांतराचा एक धोका नोंदविला पाहिजे. मोगल अमीर मरण पावल्यावर त्याची मालमत्ता सरकारच्या ताब्यात घेण्याच्या पद्धतीला इंग्रजी इतिहासग्रंथांत सामान्यतः ‘एस्चीट’ म्हटले जाते. परंतु त्या पद्धतीत वारस असणे वा नसणे हा मुख्य मुद्दा नव्हता. अमीराकडील सरकारी येणे आणि बादशहाशी त्याचे असलेले वैयक्तिक सेवकत्व हा मुद्दा होता. सरंजामी इंग्लंडचा शब्द लावताच वाचकाच्या मनात निर्वंशतेची कल्पना उभी राहते आणि वस्तुस्थितीवर पडदा पडतो. समानार्थी म्हणून योजलेला शब्द आपल्याबरोबर आपली संपूर्ण व्यवस्था घेऊन येतो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने सतत ध्यानात ठेवावयास हवी.

(६)

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या विषयाला ‘गतकूळ’ या देशी शब्दाने सुरुवात करणे योग्य होईल. दख्खनमधील मिरासदाराचे कुळ नष्ट झाले किंवा परागंदा होऊन परतण्याची आशा उरली नाही की त्याची जमीन गतकुळी म्हणून ओळखली जाई. कर्नल साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या जमीनधारणेची पाहणी केली, तेव्हा गावची जमीन ‘थळां’त विभागलेली असून थळांना मूळ कुळांची नावे असल्याचे आणि कुळे नामशेष झाल्यावरही ती नावे टिकून असल्याचे त्याला आढळले. अशी जमीन नव्या माणसाला मिरास म्हणून देताना पाटील आणि गावकरी मिरासपत्र करून देत. सरकारनेही अशी मिरास दिल्याची उदाहरणे आहेत. शब्दाची घडण लक्षणीय आहे. ‘एस्चीट’ हा शब्द जमीन कोणाकडे गेली याकडे पाहतो. ‘राजगामी’ तर घेणाऱ्याचे नावच घेतो. ‘गतकूळ’ हा शब्द मात्र कोण गेले याकडे पाहतो. जमीन तेथेच आहे, गाव तेथेच आहे, एक कुळ तेवढे गेले आहे.

या भूमीवर १८४८ मध्ये इंग्रजी शब्दाची कसोटी झाली. कंपनीने २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याचे राज्य त्यांच्या वारसांसह व उत्तराधिकाऱ्यांसह दिले होते. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले. ५ एप्रिल १८४८ रोजी अप्पासाहेब मरण पावले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तकाच्या बाजूचे होते : तहातील ‘वारस’ या शब्दात हिंदू धर्मशास्त्राने मान्य केलेला दत्तक पुत्र येतो. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी उलट भूमिका घेतली आणि जानेवारी १८४९ मध्ये संचालक मंडळाने ती मान्य केली. अधीन राज्याचे उत्तराधिकार दत्तकाकडे जाण्यास सार्वभौम सत्तेची अनुमती आवश्यक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या धोरणाला इंग्रजीत ‘लॅप्स’ म्हणतात. तो शब्दही लॅटिनच आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘घसरणे, निसटणे’ असा आहे. तो ‘एस्चीट’चा सख्खा नसला तरी चुलत भाऊ शोभावा. दोन्ही शब्दांत मालमत्ता स्वतःहून हालते. साम्य केवळ शब्दांचे नाही. निर्वंशाची जमीन धन्याकडे जाते, कारण मूळ दान धन्याचे असते. तद्वत कंपनीने ‘निर्माण केलेले’ किंवा तिच्या अधीन असलेले राज्य वारसाभावी कंपनीकडे परत येते, हाच डलहौसींच्या मांडणीचा कणा होता. म्हणून वादाचा खरा प्रश्न ‘वारस आहे काय’ एवढाच नव्हता. ‘धनी कोण’ हा त्याहून मूलभूत प्रश्न होता. छत्रपतींच्या गादीचा दाता कंपनी ठरते काय? राजपुतान्यातील करौलीच्या बाबतीत, ते राज्य अधीन नसून मित्र आहे असे संचालक मंडळाने मानताच सारा युक्तिवाद कोसळला आणि दत्तक मान्य झाला. साताऱ्याला, आणि १८५४ मध्ये नागपूरला व झाशीला, ते भाग्य लाभले नाही. १८५७ चा उठाव झाल्यानंतर धोरण बदलले आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांच्या सनदांनी संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य झाला.

मराठी भाषेने या घटनेची नोंद कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी वाक्यात सातारा ‘लॅप्स झाला’; मराठी इतिहासग्रंथ लिहितात ते ‘दत्तक नामंजूर करून संस्थाने खालसा केली’ असे. नामंजूर करणारा आणि खालसा करणारा असा कर्ता मराठी वाक्याने घेतला. सोळाव्या शतकातील लंडनच्या बाजाराने ‘एस्चीट’चे जे केले, तेच येथे मराठी वाक्यरचनेने ‘लॅप्स’चे केले. दोन्ही ठिकाणी गमावणाऱ्यांनी व्याकरणातला रिकामा कर्ता भरून काढला.

खाजगी मालमत्तेच्या क्षेत्रात इंग्रजी शब्द भारतीय कायद्यात आला तो प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयांतून. मच्छलीपट्टणच्या कलेक्टरच्या खटल्यात (१८६०) एका निर्वंश ब्राह्मण जमीनदाराच्या मालमत्तेचा प्रश्न होता. ब्राह्मणाचे धन राजाने घेऊ नये, हे शास्त्रवचन पुढे करण्यात आले. न्यायालयाने असे ठरविले की, वारसांची शास्त्रोक्त माळ संपल्यावर मालमत्ता निर्नायक राहू शकत नाही. ती सार्वभौम सत्तेकडे जाते, मात्र तिच्यावरील न्याय्य बोजांसह जाते. मनूचा अपवाद गेला, परंतु बोजे पाळण्याचे बंधन आले.

(७)

इंग्लंडमध्ये या शब्दाचे क्षेत्र क्रमाने आकसले. १८७० च्या कायद्याने गुन्ह्याबद्दलचा एस्चीट रद्द झाला; १९२५ च्या कायद्याने निर्वंशतेचाही रद्द होऊन तेथे स्वामिहीन मालमत्तेचे साधे तत्त्व आले. आता केवळ विसर्जित कंपनीची किंवा दिवाळखोराची नाकारलेली जमीन अशा अपवादात्मक प्रसंगी तेथे हा शब्द वापरला जातो.

अमेरिकेत मात्र त्याला नवे आयुष्य लाभले, आणि त्यात एक अत्यंत क्लेशकारक प्रकरण आहे. नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या परकीयांनी शेतजमीन घेऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये केला व १९२० मध्ये तो अधिक कडक केला. त्याचा रोख जपानी स्थलांतरितांवर होता. कायदा मोडून घेतलेली जमीन राज्याकडे ‘एस्चीट’ होईल, अशी त्याची भाषा होती. काजिरो ओयामा याने १९३४ मध्ये सहा एकर जमीन आपला मुलगा फ्रेड याच्या नावे घेतली; मुलगा जन्माने अमेरिकन नागरिक होता. महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना किनारपट्टीवरून हलविण्यात आले असताना, १९४४ मध्ये राज्याने या जमिनीवर एस्चीटचा दावा लावला. धारक हयात, वारस हयात, गुन्ह्याची शिक्षा नाही, आणि तरीही जमीन ‘पडली’ असे म्हणावयाचे! दूषित रक्ताची मध्ययुगीन कल्पना वंशाच्या रूपाने पुन्हा उभी राहिली होती. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल ओयामांच्या बाजूने दिला आणि १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला.

अलीकडच्या काळात अमेरिकेत हे क्रियापद प्रामुख्याने विस्मृत ठेवी, न वटविलेले धनादेश, न मागितलेले लाभांश यांसंबंधी योजले जाते. जमीन एका जागी असते. पैशाला जागा नसते. तेव्हा तो कोणत्या राज्याकडे पडावा? टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी या खटल्यात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, धनकोचा शेवटचा ज्ञात पत्ता ज्या राज्यात असेल त्या राज्याकडे तो जावा; पत्ता नसेल तर ऋणको संस्था जेथे नोंदलेली असेल तेथे जावा. याच प्रश्नाची एक शाखा २०२३ मध्ये पुन्हा त्या न्यायालयापुढे आली. ‘पडणे’ ही क्रिया आता पत्त्यावरून ठरू लागली आहे.

भारतात संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदाने एस्चीट, लॅप्स आणि स्वामिहीनता या तिन्ही मार्गांनी येणारी मालमत्ता राज्याकडे किंवा संघराज्याकडे सोपविली आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या २९ व्या कलमानेही वारसाभावी मालमत्ता शासनाकडे, परंतु तिच्यावरील सर्व दायित्वांसह जाते. वारस नाही हे सिद्ध करण्याचा भार शासनावर जड आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केले. दहा वर्षे न मागितलेल्या बँकठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून स्वतंत्र निधी केला आहे. पण तेथे गेलेली ठेव मालकाला किंवा वारसाला नंतरही मागता येते. म्हणजे ती जाते, पडत नाही.

(८)

या क्रियापदाच्या सात-आठ शतकांच्या प्रवासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या कायद्याने अकर्मक क्रियापद वापरले, त्या प्रत्येक कायद्याला पुढेमागे कर्त्याचा हिशेब द्यावा लागला. मॅग्ना कार्टाने राजाला मुदत घालून दिली, १२७५ च्या कायद्याने एस्चीटरचा हात धरला, कॅनिंगच्या सनदांनी डलहौसींचे तत्त्व मागे घेतले, ओयामांच्या खटल्याने कॅलिफोर्नियाला वाक्यात उभे केले. मालमत्ता कधीच आपण होऊन पडत नाही. वारस नाही असे कोणीतरी ठरवावे लागते, आणि तसे ठरविणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या ओंजळीत ती पडावयाची असते.

संविधानाच्या हिंदी पाठात ‘एस्चीट’साठी ‘राजगामी’ हा कालिदासाच्या अमात्याचाच शब्द योजला आहे. राजा गेला, शब्द राहिला. त्या शब्दाबरोबर दुष्यंताचा प्रश्नही राहावयास हवा : मालमत्ता राजगामी म्हणण्यापूर्वी, वारस खरोखरच कोणी नाही ना, हे नीट पाहिले आहे काय?